बांधावरची शंभर पावलं: किडे आणि रानझाडं बघायला सुरुवात कशी करायची

बऱ्याच जणांना वाटतं की फुलपाखरं, किडे, रानफुलं बघायची म्हणजे सह्याद्रीत जायला पाहिजे, कासला जायला पाहिजे, मराठवाड्यात काय आहे, काळी माती अन् सोयाबीन. लग्न होऊन औसा तालुक्यात आले तेव्हा मलाही असंच वाटायचं. पण दोन शेतांच्या मधला जो बांध असतो ना, कुठं कुठं धुरा म्हणतात, आणि गावातून शेताकडं जाणारी जी पांदण असते, दोन्ही बाजूला बोरी-बाभळी, रुई, तरवड, घाणेरी माजलेली, ती जागा नांगराखाली येत नाही. शेतातनं हाकललेलं सगळं तिथं येऊन राहतं. मी गेली काही वर्षं एकाच बांधाची शंभर पावलं धरून बघत्येय आणि अजून दर महिन्याला काहीतरी नवीन दिसतंच, म्हणून नवीन लोकांसाठी हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी जागा ठरवा, आणि ती बदलू नका

नवीन माणूस काय करतो, दर रविवारी वेगळीकडं जातो, चार फोटो काढतो आणि दोन महिन्यांत कंटाळतो. त्यापेक्षा घराजवळचा किंवा शेतावरचा एकच तुकडा धरा, साधारण शंभर पावलांचा. बांध जुना असावा, म्हणजे त्यावर एखादी बोर, बाभूळ, लिंब असं मोठं झाड पाहिजे, खाली झुडुपं पाहिजेत आणि कडेला गवत पाहिजे. जवळ नाला, विहीर, शेततळं असं काही ओलं असेल तर अजून चांगलं कारण चतुर आणि टाचण्या (चतुराच्याच नात्यातले, बारीक अंगाचे किडे) तिथनंच येतात. थोडं ऊन थोडी सावली असं असावं.

तणनाशक मारलेला बांध घेऊ नका. तो ओळखायचा कसा तर सगळं गवत एकदम, एकाच रंगाचं पिवळं-तपकिरी होऊन आडवं पडलेलं असतं, उन्हानं वाळलेलं गवत असं एकसारखं वाळत नाही.

आणि एक गोष्ट अगदी महत्त्वाची. बांध दुसऱ्याचा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय जायचं नाही. आपल्याकडं बांधावरनं भावाभावात कोर्टकचेऱ्या झालेल्या असतात, तुम्ही मोबाईल घेऊन बांधावर वाकून काहीतरी बघायलात असं दिसलं की लोकांना आधी मोजणीच आठवते. राम राम घाला, सांगा की किडे बघायचेत फुलपाखरं बघायचीत, फोटो दाखवा. एकदा दाखवलात की तेच लोक पुढं बोलावून सांगतात की अमक्या झाडावर काहीतरी बसलंय, बघायला या.

सामान

फार काही लागत नाही. पाय झाकणारे बूट, फुल पँट, टोपी, पाणी, एक काठी, वही आणि पेन्सिल (पेनची शाई भिजली की संपलं). मोबाईल चालतो, कॅमेरा नसला तरी काही अडत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर एक दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या. ते भिंग किड्याजवळ धरून लांबून बघायचं नसतं, डोळ्याला अगदी चिकटून धरायचं आणि पान हळूच डोळ्याजवळ आणायचं, सुरुवातीला सगळे इथंच चुकतात आणि म्हणतात काहीच दिसंना.

छत्री मात्र जरूर न्या, फिक्या रंगाची असली तर उत्तम. उलटी करून फांदीखाली धरायची, फांदी दोन वेळा हलवायची, छत्रीत जे पडेल ते बघायचं आणि परत त्याच झाडावर सोडायचं. बाभळीच्या एका फांदीखाली छत्री धरून बघा, कोळी, भुंगेरे, हिरव्या अळ्या आणि काड्यांची मोळी पाठीवर घेऊन चालणारी एक अळी, हे सगळं एका झटक्यात मिळू शकतं. ती मोळीवाली अळी स्वतःच्या रेशमानं काड्या चिकटवून घर करते आणि घरासकट फिरते.

वेळ

पावसाळा-हिवाळ्यात सकाळी आठ ते अकरा. फुलपाखरांना अंग तापल्याशिवाय उडता येत नाही, म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात ती पंख पसरून बसतात आणि तेव्हाच जवळ जाता येतं. उन्हाळ्यात सात वाजताच जा, नऊनंतर आपलंच डोकं तापतं. संध्याकाळी चार ते सहा पण बरं असतं. पोचल्यावर लगेच चालू नका, पाच मिनिटं एका जागी उभं राहा. आपण आलो की सगळं गप्प होतं, लपतं, आणि मग हळूहळू नाकतोडे परत उड्या मारायला लागतात. आपली सावली किड्यावर पडू देऊ नका, सावली पडली की तो गेला.

आधी झाड, मग किडा

हे जर एक समजलं तर बाकी सगळं सोपं होतं. किड्याच्या मागं पळायचं नाही, झाड ओळखायचं. कारण बहुतेक अळ्या वाटेल ते खात नाहीत, त्यांचं ठरलेलं झाड असतं, आणि फुलपाखराची मादी अंडं घालायला तेच झाड शोधत येते. झाड सापडलं की थांबायचं, पान उलटून बघायचं.

आणि झाडं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त माहिती असतात. गणपतीच्या पत्रीत रुई, आघाडा, धोत्रा, बोर, माका, विष्णुक्रांता असतंच ना, ही सगळी आपल्याकडं बांधावर नाहीतर ओढ्याकाठी सापडतात. म्हणजे सुरुवात करायच्या आधीच सहा झाडं झाली.

पहिला धडा रुईवर करा. मी सगळ्यांना हेच सांगते. रुई बाराही महिने हिरवी असते, जनावरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळं ती प्रत्येक बांधावर असतेच. पानं हळूच उलटून बघत जा (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार त्रास होतो, हात धुवूनच डोळ्याला लावा). शेंड्याकडच्या कोवळ्या भागावर पिवळाधमक मावा दिसेल, काळ्या पायांचा. त्या माव्याभोवती मुंग्या फिरत असतील कारण मावा गोड चिकट रस सोडतो आणि मुंग्यांना तो पाहिजे असतो. तिथंच लालसर-केशरी ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, मावा खात बसलेले असतात, आणि त्यांच्या काळपट, लांबट, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्याही. ती अळी बघून लोक कीड म्हणून चिरडतात, पण ती ढालकिड्याचंच पिल्लू आहे आणि दिवसभर मावा खाते. शेतात दिसली तरी मारू नका.

मग पानांवर पांढरे-काळे-पिवळे पट्टे असलेली गुळगुळीत अळी शोधा, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची अळी. रुईतलं विष ती खाऊन अंगात साठवते, पुढं फुलपाखरातही ते राहतं, म्हणून पक्षी एकदा चव घेतात आणि परत वाटेला जात नाहीत. म्हणूनच हे फुलपाखरू एवढं सावकाश, बिनघोर उडतं. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळं आठवड्यातनं दोनदा गेलात तर एका महिन्यात सगळा प्रवास डोळ्यानं बघून होतो, शेवटी फांदीला किंवा पानाखाली लटकलेला फिकट हिरवा नाहीतर गुलाबीसर कोष आणि त्यावर सोनेरी टिपके. मी पहिल्यांदा तो बघितला तेव्हा कुणाचा दागिना पडून अडकलाय की काय असं वाटलं होतं.

रुईवरच निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा टोळ बसतो, रंगवल्यासारखा. त्याला डिवचलं की अंगातनं पिचकारी मारतो, म्हणून बघायचं, धरायचं नाही. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो, पंखांना निळसर झाक. रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या जोडीनं पिशव्या असतात आणि त्या भुंग्याच्या पायाला चिमट्यासारख्या अडकतात. भुंगा दुसऱ्या फुलावर जातो तेव्हा पिशवी तिथं पोचते. एवढी सगळी भानगड एका रुईच्या झुडपात चाललेली असते, आणि आपण रोज त्याच्या बाजूनं गाडी घेऊन जातो.

आता गंमत बघा. त्याच बांधाच्या पायथ्याला घोळ असते, आपण भाजी करतो ती आंबटसर. त्या घोळीवर डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी वाढते. याचा नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा, ठिपक्यांभोवती जांभळट-निळी झाक. पण मादी? हुबेहूब प्लेन टायगरसारखी केशरी! तिच्या अंगात रुईचं विष नाही, पण विषारी फुलपाखराचा वेष घेतला की पक्षी सोडून देतात. दोघींत फरक करायचा तर मागच्या पंखावर बघा, प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला पंखाच्या पुढच्या कडेला फक्त एकच. हा फरक मला स्वतः बघून पटायला एक अख्खा पावसाळा गेला, तुम्हाला लगेच नाही जमलं तर नाराज होऊ नका.

बाकीची झाडं जरा भराभर सांगते. तरोटा (टाकळा) म्हणजे पिवळ्या फुलपाखरांची जागा, कोवळ्या पानांवर बारीक हिरव्या अळ्या सापडतात, पानाच्या शिरेसारख्याच दिसतात म्हणून बोट हळूच फिरवून बघा. रात्री तरोट्याची पानं मिटतात, तेही एकदा बॅटरी घेऊन बघण्यासारखं आहे. एरंडाच्या पानांवर कॅस्टर फुलपाखराची काटेरी अळी. बोरीवर पिएरो जातीची नखाएवढी काळी-पांढरी फुलपाखरं, आणि बोरीला पावसाळ्याच्या शेवटी बारीक पिवळट फुलं आली की त्यांच्या वासाला माश्या आणि गांधीलमाश्या इतक्या येतात की झाड गुणगुणतंय असं वाटतं. पेटारीवर लाल-काळे ढेकण्या, एकमेकांना चिकटून जोडीनं फिरणारे, तेच जे कापसावर दिसतात, कारण पेटारी आणि कापूस एकाच कुळातले.

एकदांडी मात्र विसरू नका. कुणी कंबरमोडी म्हणतं, कुणी दगडीपाला, लांब एका दांडीवर पिवळं छोटं फूल. ही मूळची अमेरिकेतली, पण उन्हाळ्यात बाकी सगळं वाळतं तेव्हा हीच फुललेली असते आणि सगळी फुलपाखरं हिच्यावरच पोट भरतात. एकदांडीचा एक ताटवा शोधा आणि त्याच्यासमोर अर्धा तास बसा, तेवढ्यात बांधावरची निम्मी फुलपाखरं समोरनं जातील.

गाजर गवत हा वेगळाच विषय. हे पण बाहेरचं, आपल्याकडं १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत आलं आणि मग सगळीकडं पसरलं. त्याला हात लावू नका, बऱ्याच जणांना त्याची ॲलर्जी असते, अंगावर चट्टे उठतात, खाज सुटते. पण पावसाळ्यात त्याची पानं कुणी चाळणी केल्यासारखी खाल्लेली दिसली तर नीट बघा, पांढरट पिवळ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला छोटा गोल भुंगा सापडेल. हा मेक्सिकन भुंगा, १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडलेला, तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवत खातात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही ते वाढवतात. पाऊस संपला की तो मातीत जाऊन झोपतो आणि पुढच्या पावसात परत वर येतो.

नाव कुणाला विचारायचं

पहिलं उत्तर ॲप नाही, खुरपणीला जाणाऱ्या बाया. खरं सांगते, तणं त्यांच्याएवढी कुणाला कळत नाहीत. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, मी पहिल्या वर्षी बांधावर वाकून फोटो काढत होते तर त्या येऊन म्हणाल्या, "काय हुडकायलीस गं एवढं? हे कुंजीर हाय, ते केना, अन् ती पाथरी. एवढं बी ठाव न्हाई व्हय?" एका दमात त्यांनी सतरा नावं सांगितली आणि कुठल्याची भाजी होते, कुठलं म्हशीला घालायचं नाही हेही. मी वहीत लिहून घेतलं, आणि ती वही अजून माझ्याकडं आहे.

पण गावाकडच्या नावांत एक अडचण असते. एकाच नावाची दोन-तीन झाडं असतात, दुधी म्हटलं की चीक निघणारं कुठलंही तण असू शकतं, आणि एकाच झाडाला लातुरात एक नाव, नांदेडात दुसरं. म्हणून गावचं नाव आणि फोटो दोन्ही ठेवा. मग आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, तिथं जाणकार लोक बघून सांगतात. फुलपाखरांसाठी बटरफ्लाईज ऑफ इंडिया ही साईट चांगली आहे. गुगल लेन्स एकदम पक्कं धरू नका, ते कधी कधी परदेशातलाच किडा सांगतं.

ओळख पटायला फोटो असा काढा: आधी लांबनं अख्खं झाड, मग पान वरनं, पान खालनं, फूल, आणि किडा वरनं आणि बाजूनं. फुलपाखराच्या पंखाची खालची बाजू लोक विसरतात आणि ओळखायला बऱ्याचदा तीच लागते. पाय मोजा. सहा पाय असले तर कीटक, आठ असले तर कोळी किंवा त्याच्या नात्यातला. मिरगाचा पहिला पाऊस झाला की जो लालभडक मखमली किडा जमिनीवर फिरतो, ज्याला आपण मिरगाचा किडा म्हणतो, त्याचे पाय मोजून बघा, आठ भरतात. म्हणजे तो कीटकच नाही, गोचिडाच्या नात्यातला कोळीवर्गी आहे. तो डबीत भरून घरी आणू नका, वर्षातनं थोडेच दिवस तो वर येतो.

वही

तारीख, वेळ, ऊन का ढग, कुठल्या झाडावर, काय करत होता. एवढ्या पाच गोष्टी. नाव माहीत नसलं तरी चालतं, "रुईवर, लाल-काळा, जोडीनं" एवढं लिहा, नाव नंतर येईल. काही दिसलं नाही तरी "आज काही नाही" असं लिहा. माझ्या वहीत अशा कोऱ्या दिवसांमुळंच मला कळलं की पहिल्या पावसानंतर बांधावर परत वर्दळ व्हायला किती दिवस लागतात.

वर्षभरात काय बघाल

जून म्हणजे मिरगाचे किडे, पंख फुटलेली वाळवी, रात्री दिव्याभोवतीचे भुंगेरे. जुलैत अंगणात एक पांढरी चादर दोरीवर टाकून समोर बल्ब लावा, पतंग मोजता मोजता रात्र जाईल, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तर जगभर लोक असं पतंग बघत बसतात. श्रावण-भादव्यात सगळं एकदम असतं, तेव्हा आठवड्यातनं दोनदा जाच. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, कळलावीची ज्वाळेसारखी फुलं (दिसायला सुंदर पण फार विषारी, लहान पोरांना लांब ठेवा), उतरणीचे वेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन पिवळं पडायला लागतं तेव्हा संध्याकाळी शेतावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. याच जातीचे चतुर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, एवढासा जीव. याच दिवसांत तुरीच्या, भेंडीच्या फुलांवर काळे-केशरी पट्ट्यांचे भुंगेरे दिसतील, ते अजिबात धरू नका, अंगातनं रस सोडतात आणि फोड येतात.

येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळे शेतात असतातच, कोपीपुढं (खोपीपुढं) आंबील-भज्जी झाली की पोरांना घेऊन बांधावर अर्धा तास फिरा, सुरुवात करायला याच्यासारखा दिवस नाही. नंतर मार्चपासून सगळं वाळतं, तेव्हा बांधाखालच्या भुसभुशीत कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे शोधा. एक मुंगी कडेवरनं घसरली की तळातनं माती उडायला लागते, खाली एक अळी जबडा उघडून बसलेली असते. तीच मोठी झाली की चतुरासारखी नाजूक पंखांची होते.

सांभाळून

कुपाटीत (काटेरी कुंपणात), दगडांच्या फटीत हात घालायचा नाही. घोणस, फुरसं, नाग, मण्यार आपल्याकडं आहेत, लाल विंचू तर दगडाखाली असतोच. पुढं काठी आपटत चला. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुसकारा ऐकू आला तर ती घोणस, जागीच थांबा, कुठं आहे ते बघा आणि हळू मागं या. साप चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही, माणसाला हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका. बाजूच्या शेतात फवारणी चालू असली किंवा नुकतीच झाली असली तर त्या दिवशी घरीच थांबा. वीज कडाडायला लागली की झाडाखाली उभं राहायचं नाही, मोकळ्या बांधावर पण नाही, आभाळ आलं की घरीच परत या. आणि रानातली कुठलीच गोष्ट चाखून बघू नका, गुंजेच्या बिया तर अजिबात नाही.

बांध तोडण्याआधी

दोन वर्षांपूर्वी आमच्याच बांधाची चाळीस पावलं गेली. एक ओळ जास्त पेरता येईल म्हणून जेसीबी लावला, जुनी बोर गेली, तिच्यासोबत पिएरो गेले, त्या वर्षी माझ्या वहीत त्यांची एकही नोंद नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, वही मात्र मामांना म्हणजे सासऱ्यांना दाखवली, कुठल्या झाडावर काय होतं ते, फोटोसकट. ढालकिड्याच्या अळीचा फोटो त्यांनी बराच वेळ बघितला, कारण तीच त्यांनी करडईवर कीड म्हणून कितीतरी वेळा चिरडली होती. तुमच्याकडंही बांध साफ करायचा विषय निघाला तर निदान एवढं मागा की सगळा एकदम पेटवू नका, एका वर्षी एक बाजू, दुसऱ्या वर्षी दुसरी.

गेल्या दिवाळीनंतर विहिरीकडची रुई वाटेत यायला लागली म्हणून मामा कोयता घेऊन निघाले होते, आणि दारातनंच मला हाक मारली, "आगं, त्या रुईवर काही लटकलंय का बघ आधी, मग तोडतो." दोन कोष होते. रुई अजून आहे.